शहराला रस्ताच नाही, मग जायचं कसं? लेतिसियाचं विमानतळ

कोलंबियाचा नकाशा उघडा आणि एकदम खाली बघा, पेरू आणि ब्राझीलच्या मधे शेपटासारखा एक तुकडा घुसलेला दिसेल, त्याच्या टोकाला लेतिसिया. अ‍ॅमेझॉनचा काठ, पन्नास हजाराच्या आसपास वस्ती, आणि राजधानी बोगोटाहून इथे यायला रस्ता नाही. खड्डे-बिड्डे म्हणत नाहीये मी, रस्ताच नाही! गावातून एक डांबरी रस्ता जंगलाकडे निघतो खरा, पण वीस-पंचवीस किलोमीटरवर त्याचाही दम संपतो.

मग राहिलं विमान. बोगोटाहून दोनेक तास, आणि उतरतं काय तर चक्क मोठं प्रवासी जेट, एअरबस ए-३२०.

विमानतळाला नाव दिलंय जनरल आल्फ्रेदो वास्केस कोबो यांचं, आणि त्यामागचा किस्सा भारी आहे. १९२२ च्या तहात पेरूने हे गाव कोलंबियाला देऊन टाकलं, ते तिकडच्या लोकांना काही पचलं नाही, आणि १ सप्टेंबर १९३२ ला पेरूच्या हत्यारबंद लोकांनी येऊन गाव ताब्यात घेतलं. आता कोलंबियाने सैन्य पाठवायचं कुठून? मधे सगळं जंगल. तर हे जनरलसाहेब जहाजं घेऊन अटलांटिकमधून फिरून ब्राझीलच्या बेलेमला गेले आणि तिथून अख्खी अ‍ॅमेझॉन चढत वर आले, म्हणजे बघा, स्वतःच्या देशातल्या गावाला जायला आधी दुसरा देश पार करायचा! पुढे १९३३ ला युद्ध थांबलं आणि वर्षभर गावाचा कारभार राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) बघितला.

आता कोणी जाणार असेल तर नीट ऐका. लेतिसियाला चिकटूनच ब्राझीलचं ताबातिंगा आहे, मधे ना गेट ना चेकिंग, चालत चालत कधी ब्राझीलमधे पोचलात कळत पण नाही. पण तिथून बोटीने पुढे ब्राझीलच्या मनाउस शहराला वगैरे जायचं असेल तर पासपोर्टवर कोलंबियाचा एक्झिट स्टॅम्प लागतो, आणि तो मारतात कुठे, तर विमानतळावर. त्यामुळे बोटीवाली पब्लिक पाठीला सॅक लावून, टुकटुक करून एअरपोर्टला येते, शिक्का मारून घेते आणि परत नदीवर! विमानाने आलात तर बाहेर पडायच्या आधीच टुरिस्ट टॅक्स भरायचा, पैसे हाताशी ठेवा.

आणि प्रवासी सोडा, इथून बोगोटाला मासे जातात विमानाने. नदीतला मासा, बर्फात पॅक, कार्गोमधे. मला तर हा धंदा प्रवाशांपेक्षा इंटरेस्टिंग वाटतो.

पण एक लोचा आहे. अ‍ॅमेझॉनचा मुख्य प्रवाह हळूहळू पेरूच्या बाजूला सरकतोय, लेतिसियासमोर गाळ साचतोय, कोरड्या दिवसांत बोटी लावायचे वांधे होतात. नदीच लांब गेली तर शहराकडे ही एक धावपट्टीच उरणार ना. त्यात समोरच्या सांता रोसा बेटावरून पेरूशी पुन्हा वाजलंय, ७ ऑगस्ट २०२५ ला कोलंबियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पेत्रो तर बोयाकाच्या लढाईचा (कोलंबियाच्या स्वातंत्र्याची निर्णायक लढाई) वार्षिक सोहळाच इथे घेऊन आले. त्या बेटाचा राडा पुढच्या व्हिडिओत घेऊ, मोठा विषय आहे तो.