हसत कोण होतं?

(दृश्य : नागपूर. धरमपेठेच्या बाजूची एक शाळा. मैदानावर गुलाबी कपड्यांतली मुलं, फोटोसाठी रांगा.)

फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार, म्हणजे चिडवण्या-छळण्याविरुद्धचा ‘गुलाबी शर्ट दिवस’. आदल्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडते : उद्या सर्वांनी गुलाबी शर्ट घालून यावे. मग रात्री आठ वाजता सीताबर्डीत पालकांची धावाधाव. ज्याला शर्ट मिळत नाही किंवा परवडत नाही, तो गणवेशातच येतो आणि फोटोत मागच्या रांगेत ढकलला जातो. दिवस वेगळेपणाचा, आणि वेगळा दिसणाराच मागे!

ही प्रथा कॅनडातली. २००७ साली नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका हायस्कूलमध्ये नववीतला मुलगा पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला. काही पोरांनी त्याला धमकावलं, नको नको ते बोलले. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांच्या कानावर ते गेलं. दोघांनी एका स्वस्त दुकानातून पन्नास गुलाबी शर्ट उचलले, मित्रांना निरोप धाडले आणि शाळेत ते वाटले. ना परिपत्रक, ना समिती. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातली पोरं गळाली, शर्ट तेवढा राहिला.

याच कारणासाठी ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात मुलं दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून येतात. त्याला निदान खर्च नाही. युनेस्कोचा शाळेतल्या छळाविरुद्धचा दिवसही नोव्हेंबरातच, पहिल्या गुरुवारी, २०२० पासून.

(दृश्य : मधली सुट्टी. नळाजवळ घोळका. आवाज : “काय बे, चष्मिश!” मागून हशा.)

हा हशा नीट ऐका. चिडवणारा एकच आहे. हसणारे सात-आठ. फिनलंडमधल्या संशोधक क्रिस्तीना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली हेच मांडलं : छळ हा दोघांतला मामला नसतो, अख्खा वर्ग त्यात कुठे ना कुठे उभा असतो. कोणी साथ देतं, कोणी हसून चेव आणतं, कोणी मान फिरवतं, एखादा मध्ये पडतो. तिथल्या शाळांतला ‘किवा’ कार्यक्रम म्हणूनच बघ्यांवर भर देतो. चिडवणाऱ्याला हशा मिळाला नाही, की त्याचा खेळ लवकर आटपतो.

(दृश्य : मारबतीची मिरवणूक. गर्दी, ढोल, बडगे.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात. “इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” महागाई, भ्रष्टाचार, जे जे छळतं त्याचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात. आठवीच्या वर्गशिक्षिकेनं तोच धागा उचलला. मुलांना म्हणाल्या, आपल्या वर्गातून मारबतीनं काय न्यावं, ते चिठ्ठीवर लिहा. नाव टाकू नका.

(दृश्य : टेबलावर चिठ्ठ्या. वहीच्या फाडलेल्या पानांवरची अक्षरं.)

“मला भेंडी म्हणतात ते.”
“बाबांच्या चहाच्या ठेल्याची नक्कल करतात ते.”
“नाव सांगितलं तरी आडनाव विचारतात ते.”

या तिसऱ्या चिठ्ठीपाशी बाई थांबल्या. दीक्षाभूमीच्या या शहरात आडनाव कशासाठी विचारलं जातं, हे आठवीतल्या पोरांनाही पक्कं ठाऊक असतं.

आणखी एका चिठ्ठीवर एकच शब्द होता : डबलरोटी. हे नाव बाईंनीच ठेवलेलं, लाडानं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ विद्यार्थ्याला मारण्याबरोबरच त्याच्या मानसिक छळालाही मनाई करतं. लाडाची सवलत त्यात नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९ चा. तक्रार आली, की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण कायद्यापर्यंत पोचायला आधी कोणीतरी तोंड उघडावं लागतं. वर्गात विचारलं, तर उत्तर ठरलेलं : “मॅडम, आम्ही तर मजाक करून राहिलो होतो.”

(दृश्य : मिहान, नागपूरचा उद्योग-परिसर. काचेच्या इमारती. कॅन्टीन.)

मोठं झाल्यावर मजाक ऑफिसात येते. इथेही गुलाबी दिवस होतात, केक कापतात. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली. ती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी. बॉसनं सगळ्यांदेखत टकलावरून बोलणं, मीटिंगचा निरोपच न देणं, जेवायला उठताना नेमकं एकाला वगळणं, यासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काय करतो, यावरच बरंचसं ठरतं. बहुतेक वेळा तो मोबाइलमध्ये बघतो.

(दृश्य : शाळा सुटते. फाटकाबाहेर व्हॅन.)

चिठ्ठ्यांमधून एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. बऱ्याच जणांनी जागा लिहिली होती : व्हॅन. तिथे ना बाई, ना मॉनिटर. दप्तरांच्या ढिगात अर्धा तास आणि मागच्या सीटवर सातवी-आठवीचे दादा. अशा कार्यक्रमांना व्हॅनवाल्या काकांना कोणी बोलावत नाही. यंदा बाईंनी बोलावलं.

“मी येऊन काय करू मॅडम? मी तर गाडी चालवतो.”

“आरशात काय दिसतं, ते सांगा.”

काकांनी जरा विचार केला. मग मागच्या सीटवरच्या तिघांची नावं घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यातल्या एकाला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवायला लागले.