सरकारी मालमत्ता विकायला काढली की लोक भडकतात का?

नमस्कार मंडळी! थेट एका निकालापासून सुरुवात करतो.

ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड राज्य. 89 जागांची विधानसभा. 2009 साली लेबर पक्ष 51 जागा घेऊन सत्तेत परत आला. पुढची निवडणूक 2012 ला झाली, तेव्हा त्याच पक्षाच्या जागा आल्या सात. हो, सातच!

मधल्या काळात झालं काय? 2009 च्या मार्चमध्ये निवडणूक जिंकली. प्रचारात विक्रीचा विषय नव्हता. आणि जूनमध्ये प्रीमियर, म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्री, ॲना ब्लाय यांनी जाहीर केलं की मालवाहू रेल्वे, ब्रिस्बेनचं बंदर आणि आणखी काही मालमत्ता विकायच्या आहेत. मंदी आली होती, महसूल आटला होता, कर्ज वाढत होतं. कारणं खोटी नव्हती. पण लोकांचं म्हणणं एवढंच होतं की हे मार्चमध्ये का नाही सांगितलंत?

आता गंमत बघा. त्यांच्या जागी कॅम्पबेल न्यूमन आले, प्रचंड बहुमत घेऊन. त्यांनी वेगळी वाट धरली. वीज कंपन्या आणि बंदरं 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायची, त्यातून सुमारे 37 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर उभे करायचे. आणि हे सगळं पुढच्या निवडणुकीआधी उघड सांगितलं. वर हेही सांगितलं की बाबांनो, ही विक्री नाही, हा भाडेपट्टा आहे. 99 वर्षांचा! आज जन्मलेलं मूल आजोबा होऊन जाईल तरी करार संपायचा नाही. 2015 च्या जानेवारीत न्यूमन यांचं सरकार गेलं, आणि ते स्वतःच्या मतदारसंघातही पडले. त्यांच्या पराभवाला इतरही कारणं होती, पण हा मुद्दा मोठा होता.

म्हणजे लपवलं तरी हरले, सांगितलं तरी हरले. मग लोकांना नेमकं काय खुपतं? माझं मत असं आहे की लोकांना विक्रीपेक्षा जास्त खुपतो तो हिशोबातला कालावधी. सरकारला पैसा यंदा हवा असतो, यंदाची तूट भरायला. आणि मालमत्ता जाते पन्नास, पंचाहत्तर, नव्व्याण्णव वर्षांसाठी. सही करणारे त्या काळात खुर्चीवर नसतातच.

[स्क्रीनवर: शिकागो, 2008]

हे नीट समजून घ्यायचं तर शिकागोचे पार्किंग मीटर बघू. मला हा व्यवहार फार शिकवणारा वाटतो, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबतो.

डिसेंबर 2008. शहराच्या अंदाजपत्रकात मोठं भगदाड पडलेलं. महापौर रिचर्ड डेली यांनी करार पुढे आणला. शहरातले सुमारे 36 हजार पार्किंग मीटर 75 वर्षांसाठी मॉर्गन स्टॅन्ली या बँकेच्या पुढाकारातल्या एका कंपनीला द्यायचे, बदल्यात 1.15 अब्ज डॉलर रोख. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून नगरपरिषदेच्या मंजुरीपर्यंत किती वेळ गेला असेल? जेमतेम दोन-तीन दिवस. 40 विरुद्ध 5 मतांनी मंजूर! पंचाहत्तर वर्षांचा करार, आणि नगरसेवकांना तो वाचायलाही पुरेसा वेळ नाही.

मग दर वाढले. काही वस्त्यांत तासाला 25 सेंट होते, ते एकदम 1 डॉलर. लोकांनी मीटर फोडले. पण खरी चपराक बसली 2009 च्या जूनमध्ये. शहराचा कारभार तपासणाऱ्या शहराच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं, हे मीटर शहरानं स्वतःकडे ठेवले असते तर त्यांची किंमत करारापेक्षा किमान 97 कोटी 40 लाख डॉलरनी जास्त भरली असती. म्हणजे जवळपास अर्ध्या किमतीत माल गेला. आणि आलेला पैसा? त्यातला बराचसा पुढच्या दोन-तीन वर्षांतच तूट भरण्यात संपला. कंपनीची गुंतवणूक मात्र केव्हाच वसूल झाली, आणि करार संपायला अजून जवळपास साठ वर्षं आहेत.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते एक कलम. जत्रा, मिरवणूक, दुरुस्ती, कशासाठीही शहरानं रस्ता बंद केला आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ मीटर बंद पडले, तर शहरानं कंपनीला भरपाई द्यायची. सायकलसाठी मार्गिका आखायची आहे? आधी गेलेल्या पार्किंगच्या जागांचा हिशोब द्या. शहराला वाटलं होतं आपण मीटर देतोय. प्रत्यक्षात रस्ता कसा वापरायचा हे ठरवण्याचा हक्कही त्यांनी अर्धामुर्धा देऊन टाकला. ही गोष्ट कुठल्याच किमतीच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून सांगतो, अशी बातमी आली की रक्कम नंतर बघा, आधी भरपाईचं कलम शोधा.

[कट]

आता दुसरी बाजू. खासगीकरण म्हटलं की प्रत्येक वेळी आगडोंब उसळतो, असंही नाही. एअर इंडिया बघा. जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेली. बोली 18 हजार कोटींची. त्यातले सरकारच्या हातात रोख आले 2 हजार 700 कोटी, बाकी 15 हजार 300 कोटींचं कर्ज टाटांनी उचललं. कर्मचाऱ्यांना धाकधूक होती, साहजिक आहे. पण प्रवासी काही रस्त्यावर उतरले नाहीत. का? कारण ही कंपनी आवडली नाही तर दुसऱ्या विमानात बसता येतं.

पाण्याच्या नळाचं तसं नाही. तुमच्या घरात दोन कंपन्यांचे दोन नळ येत नाहीत. मक्तेदारी सरकारची असो की खासगी, ती मक्तेदारीच राहते. फरक एवढाच की सरकारी असेल तर निदान मत देऊन राग काढता येतो. इटलीत 2011 च्या जूनमध्ये पाणीसेवेच्या खासगीकरणावर सार्वमत झालं आणि सुमारे 95 टक्के मतं विरोधात पडली. इंग्लंडनं 1989 मध्ये पाणीपुरवठ्याच्या दहा प्राधिकरणांचं खासगीकरण केलं, तेव्हा सरकारनं त्यांची जुनी कर्जं माफ करून कोऱ्या पाटीनं त्या सोपवल्या. आज त्या कंपन्यांवर मिळून 60 अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे, आणि मधल्या काळात भागधारकांना लाभांश वाटला गेला तो वेगळाच.

शब्द फिरवला तर काय होतं, ते पेरूत दिसलं. अरेकिपा भागातल्या दोन वीज कंपन्या विकणार नाही, असं अलेहान्द्रो टोलेडो यांनी उमेदवार असताना लेखी दिलं होतं. राष्ट्राध्यक्ष झाले आणि जून 2002 मध्ये विकल्या. शहर पेटलं, माणसं दगावली, शेवटी विक्री थांबवावी लागली.

आणि आपल्याकडे विशाखापट्टणमचा पोलाद कारखाना. इथला राग आणखी वेगळ्या जातीचा आहे. हा कारखाना मिळावा म्हणून 1966 मध्ये आंदोलन झालं, त्यात 32 जणांचा जीव गेला. मग डझनावारी गावांनी जमिनी दिल्या. 2021 च्या जानेवारीत केंद्रानं शंभर टक्के निर्गुंतवणुकीला तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हा दिल्लीच्या कागदावर तो तोट्यातला उद्योग होता. तिथल्या कामगारांचा सवाल मात्र मला बिनतोड वाटतो. इतर मोठ्या पोलाद कंपन्यांकडे स्वतःच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत, आम्हाला त्या कधीच दिल्या नाहीत. खनिज बाजारभावानं घ्यायला लावायचं आणि वर तोटा झाला म्हणून विकायला काढायचं? शिवाय, शेतकऱ्यानं जमीन दिली ती सरकारी कारखान्यासाठी. ती उद्या खासगी मालकाच्या ताळेबंदात गेली, तर त्या शेतकऱ्याशी केलेल्या बोलण्याचं काय? 2025 च्या जानेवारीत केंद्रानं या कारखान्यासाठी 11 हजार 440 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. चार वर्षांच्या आंदोलनाचा दबाव त्यामागे नव्हता, असं कोण म्हणेल?

बरं, विकायचं म्हणून सांगून निवडणूक जिंकलेलं सरकार आहे का? आहे की! क्वीन्सलंडमध्ये न्यूमन पडले, त्यानंतर दोनच महिन्यांनी शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये माइक बेअर्ड वीजवाहिन्या 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देण्याची योजना घेऊन मतदारांपुढे गेले आणि जिंकले. फरक काय होता? न्यूमन यांचा बहुतेक पैसा जुनं कर्ज फेडायला जाणार होता. बेअर्ड म्हणाले, सगळं नाही, सगळ्या वीजवाहिन्या मिळून फक्त 49 टक्के देतो, आणि त्यातून रस्ते-रेल्वे बांधतो. पैसा कुठे जाणार, हे मतदाराला डोळ्यांनी दिसणार होतं.

पुढे 2016 मध्ये त्यातल्या ऑसग्रिड कंपनीसाठी चीनची सरकारी कंपनी आणि हाँगकाँगचा एक समूह पुढे आले. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं त्यांना नकार दिला. शेवटी ऑसग्रिडचा 50.4 टक्के हिस्सा 16 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मोजून घेतला तो ऑस्ट्रेलियनसुपर आणि आयएफएम यांनी. यामागे पैसा कुणाचा? कामगारांच्या निवृत्तिनिधीचा. म्हणजे ज्या विक्रीविरुद्ध कामगार संघटनांनी प्रचार केला होता, तिच्यात पैसा लागला तो कामगारांच्याच म्हातारपणाचा.

निवृत्तिनिधी असे खरेदीदार होतात तेव्हा दर वाढले तर फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, यावर पुढचा व्हिडिओ करतोय. तोवर तुमच्या मते कुठली मालमत्ता कधीच विकू नये, ते खाली लिहा. नुसतं नाव नको, कारणासकट लिहा. भेटू.