फेकणाराही तोच, अडवणाराही तोच: सॅमी बॉची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, अमेरिकेत टेक्सासला, आणि काळही बराच मागचा, १९२०-३० च्या आसपासचा. घरामागच्या अंगणात एक झाड आहे, फांदीला दोरीने मोटारीचा जुना टायर टांगलाय. एक काटकुळा पोरगा त्या टायरला जोरात झोका देतो, पळत मागे जातो, वळतो आणि पळता पळताच हातातला लांबुळका बॉल त्या हलत्या टायरच्या भोकातून आरपार घालवायचा प्रयत्न करतो. चुकला की बॉल आणायला धावायचं, परत झोका द्यायचा, परत फेकायचं. आधी जवळून, मग जरा लांबून, मग आणखी लांबून. उभं राहून फेकणं सोपं असतं हो, पण मॅचमध्ये निवांत उभं कोण राहू देतंय, म्हणून हा सगळी प्रॅक्टिस पळतानाच करायचा.

हा पोरगा म्हणजे सॅमी बॉ, पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये गाजलेला. जन्म १७ मार्च १९१४, टेक्सासमधल्या टेंपल गावाजवळचा, वडील रेल्वेत कामाला. पुढे घर स्वीटवॉटर नावाच्या गावी गेलं आणि तिथून तो फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत पोचला. खरं तर त्याचं पहिलं प्रेम बेसबॉल. तो थर्ड बेसला खेळायचा आणि तिथून असा सणसणीत थ्रो मारायचा की त्याला ‘स्लिंगिन’ सॅमी हे नाव पडलं, स्लिंग म्हणजे आपली गोफण. गोफणीतून दगड सुटावा तसा हात. पुढे फुटबॉलमध्येही तेच नाव त्याला चिकटलं, आणि तिथे तर ते जास्तच शोभलं.

आता ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. मैदान १०० यार्डांचं, आपली क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की झालं. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर परत चार प्रयत्न, नाही सरकले तर बॉल समोरच्यांचा. म्हणून तीन प्रयत्न वाया गेले की चौथ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब मारून देतात, म्हणजे समोरच्यांना निदान लांबून सुरुवात करावी लागते, त्याला पंट म्हणतात. आणि क्वार्टरबॅक म्हणजे बॉल हातात घेऊन पुढे कोणाला फेकायचा, कोणाला द्यायचा हे ठरवणारा माणूस, टीमचा मेंदू म्हणा.

आज या खेळात प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे. मी पहिल्यांदा टीव्हीवर पूर्ण मॅच पाहिली तेव्हा मला हे फार विचित्र वाटलं होतं, एक जण आत येतो, एकच लाथ मारतो आणि परत जाऊन बसतो. बॉल समोरच्यांकडे गेला की क्वार्टरबॅकसुद्धा बाहेर जाऊन बाकावर बसतो, पाणी पितो, टॅबलेटवर फोटो बघतो, कारण बचाव करणारे अकरा जण वेगळेच. आपल्याकडे कबड्डीत चढाई करून आलेला गडी लगेच पकडीला उभा राहतो ना, तसं तिथे आता राहिलेलंच नाही.

सॅमीच्या काळात मात्र तसंच होतं. एकदा मैदानाबाहेर गेलात तर त्या क्वार्टरमध्ये परत आत यायचं नाही असा नियम होता कितीतरी वर्षं, हवी तेवढी अदलाबदल करायची मोकळीक कायमची मिळाली ती १९५० ला. त्यामुळे जो बॉल फेकायचा तोच समोरच्यांचा फेकलेला बॉल अडवायला मागे उभा राहायचा, तोच टॅकल करायचा, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला पाडायचा, आणि तोच पंटही मारायचा. सगळेच खेळाडू दोन्हीकडे खेळायचे, ते काही सॅमीचं एकट्याचं कौतुक नाही. कौतुक याचं की या सगळ्या कामांत तो त्या काळच्या अख्ख्या लीगमध्ये पहिला यायचा.

कॉलेजमध्येच ते दिसायला लागलं होतं. १ जानेवारी १९३६ ला न्यू ऑर्लिन्सला शुगर बोल या कॉलेजांच्या मोठ्या सामन्यात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीविरुद्ध मॅच होती, पावसाने मैदानाचा चिखल झालेला, बॉल हातात राहत नव्हता, आणि स्कोअर काय तर ३-२. अशा दिवशी पास फेकून काही होत नाही, तेव्हा सॅमी पंटमागून पंट मारून समोरच्यांना मागे ढकलत राहिला आणि त्यांचे पास अडवत राहिला, आणि त्याची टेक्सास ख्रिश्चनची टीम जिंकली. मला ही मॅच फार आवडते, कारण ज्याचं नाव गोफणीवरून पडलं त्याची गोफण त्या दिवशी चिखलाने बंद पाडली होती आणि तरी त्याच्याकडे करण्यासारखं बरंच काही होतं.

१९३७ ला तो प्रोफेशनल झाला. बोस्टनची टीम त्याच वर्षी वॉशिंग्टनला हलली होती, तिचं नाव तेव्हा रेडस्किन्स. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांचा अपमान करणारं म्हणून २०२० मध्ये टीमने सोडलं, आता कमांडर्स म्हणतात. पहिल्याच वर्षी, १२ डिसेंबर १९३७ ला, शिकागोच्या गोठलेल्या रिग्ली फील्डवर फायनल होती शिकागो बेअर्सशी. पोरगा २३ वर्षांचा, आणि त्याने तीन टचडाऊन पास फेकले (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल पोचला की टचडाऊन), वेन मिलनरला ५५ यार्डांचा आणि ७८ यार्डांचा, एड जस्टिसला ३५ यार्डांचा, आणि वॉशिंग्टन २८-२१ ने जिंकलं. त्या काळात पास म्हणजे दुसरं काही जमेना की करायची गोष्ट होती, टीम मुख्यतः बॉल घेऊन घुसायच्या. १९३४ मध्ये बॉल थोडा सडपातळ केला गेला, पकडायला आणि फेकायला सोपा झाला, आणि तीनच वर्षांत हा आला ज्याला त्या बॉलचं काय करायचं ते नेमकं माहीत होतं.

त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात, खरा असेल नसेल पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोच रे फ्लॅहर्टी त्याला फळ्यावर समजावत होते की हा गडी इथे पोचला की पास असा मार की बॉल थेट त्याच्या डोळ्यावर यायला हवा. सॅमीने विचारलं, कुठल्या डोळ्यावर?

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. आपण अष्टपैलू म्हणतो तेव्हा डोक्यात असं असतं की याला तीन वेगवेगळी कामं येतात. सॅमीचं तसं नव्हतं, त्याची तिन्ही कामं एकमेकांत गुंतलेली होती. तेव्हा वॉशिंग्टनची टीम सिंगल विंग नावाच्या रचनेत खेळायची. त्यात सॅमी बराच मागे उभा असायचा आणि बॉल थेट त्याच्या हातात यायचा. आता त्याच जागेवरून, त्याच पवित्र्यातून तो पळू शकतो, फेकू शकतो किंवा पटकन लाथ मारू शकतो, आणि समोरच्या बचाववाल्याला बॉल सुटेपर्यंत कळत नाही की काय येतंय. यातूनच त्याचा क्विक किक निघाला. चौथ्या प्रयत्नाची वाट न बघता, तिसऱ्यालाच, कधीकधी त्याच्याही आधी, सगळ्यांना वाटतंय पास येणार आणि हा पायाने बॉल उडवून देतो. समोर मागच्या बाजूला बॉल घ्यायला कोणीच उभं नाही, कारण सगळे पास अडवायला पुढे आलेले, बॉल पडतो आणि घरंगळत घरंगळत जातच राहतो. १९४० मध्ये त्याचा एक पंट ८५ यार्ड गेला, जवळजवळ चार खेळपट्ट्या. म्हणजे बघा, लोक पासला घाबरत होते म्हणून त्याची किक लांब जात होती. फेकण्याची दहशत पायाच्या कामी येत होती.

आणि अडवण्याचंही तेच. मागे उभा राहून तो समोरच्या पासरचे डोळे, खांदे बघायचा आणि स्वतः तिथे असतो तर कुठे फेकलं असतं हे त्याला आतूनच कळत असणार. १९४३ ला तर कळस झाला. युद्ध चालू, खेळाडू सैन्यात गेलेले, टीम इतक्या रोडावल्या की पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाला मिळून एकच टीम उतरवावी लागली. त्या सीझनला सॅमी लीगमध्ये पासिंगमध्ये पहिला, पंटच्या सरासरीत पहिला आणि समोरच्यांचे पास हिसकावण्यातही पहिला, १० मॅचच्या सीझनमध्ये ११ इंटरसेप्शन. १४ नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्ध एकाच मॅचमध्ये त्याने चार टचडाऊन पास फेकले आणि त्यांचे चार पास पकडले. जेवढे दिले तेवढेच काढून घेतले हो! एका मॅचमध्ये चारपेक्षा जास्त पास आजपर्यंत कोणालाही हिसकावता आलेले नाहीत.

पण याची किंमतही होती आणि ती त्याच वर्षी मोजली गेली. फायनल परत बेअर्सशी. सुरुवातीलाच सॅमीने पंट मारला, तो पंट बेअर्सच्या सिड लकमनने उचलला आणि धावत सुटला, लकमन म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक, तोही सॅमीसारखाच सगळं करणारा. त्याला अडवायला सॅमीच गेला आणि टॅकल करताना डोक्याला असा मार बसला की त्यानंतर बराच वेळ तो बाहेरच. चामड्याची हेल्मेट, तोंडापुढे जाळी वगैरे काही नाही. लकमनने त्या दिवशी पाच टचडाऊन पास फेकले, बेअर्स ४१-२१ ने जिंकले. आजचा क्वार्टरबॅक ते टॅकल करायला मैदानावरच नसता.

बेअर्स आणि वॉशिंग्टनचं हे वैर मोठंच होतं. १९४० च्या फायनलला बेअर्सनी ७३-० असं चिरडलं होतं, आजही एनएफएलमधला, म्हणजे याच प्रोफेशनल लीगमधला, सगळ्यात मोठा पराभव तोच. सुरुवातीला सॅमीचा एक पास चार्ली मलोनच्या हातून सुटला होता, नक्की टचडाऊन होता तो. नंतर पत्रकारांनी विचारलं, तो पकडला असता तर मॅच फिरली असती का? सॅमी म्हणाला, फिरली असती म्हणजे शून्याच्या जागी आमचा काहीतरी आकडा दिसला असता, ७३ तसेच राहिले असते. सहकाऱ्यावर ढकलायची आयती संधी होती, त्याने घेतली नाही. आणि १९४२ ला बेअर्स सीझनभर अजिंक्य, ११ पैकी ११ जिंकून फायनलला आले तेव्हा याच सॅमीने विल्बर मूरला टचडाऊन पास दिला, स्वतःच्या गोलजवळ त्यांचा एक पास हिसकावला, आणि वॉशिंग्टनने १४-६ ने हिशोब चुकता केला.

एक दिवस मात्र फुटबॉलपेक्षा वेगळ्या कारणाने सांगायलाच हवा. ७ डिसेंबर १९४१, रविवार, वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध मॅच, २७ हजारांवर लोक. मॅच चालू आहे आणि लाऊडस्पीकरवरून एकेक नाव पुकारलं जातंय, अमुक ॲडमिरलनी ऑफिसला फोन करावा, तमुक जनरलनी ताबडतोब हजर व्हावं. थोड्या वेळाने अजून एक नाव, मग अजून एक. पत्रकारांच्या जागा रिकाम्या व्हायला लागल्या, फोटोग्राफर निघून गेले. पर्ल हार्बरवर हल्ला झाला होता, पण स्टेडियममध्ये ते जाहीर केलं नाही. खेळाडू खेळतच राहिले, सॅमी पास फेकतच राहिला, वॉशिंग्टन २०-१४ ने जिंकलं, आणि गेटबाहेर पडल्यावर पेपरवाल्या पोरांच्या ओरडण्यातून लोकांना कळलं की आपला देश आता युद्धात आहे. युद्धाच्या काळात सॅमी टेक्सासला स्वतःच्या रँचवर गुरं सांभाळायचा, ते काम गरजेचं मानलं जायचं, आणि शनिवार-रविवार विमानाने मॅचला यायचा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, मला सॅमी कितीही आवडत असला तरी. १९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता, घेतलाच जात नव्हता. आणि वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल तर सगळ्यात हट्टी, सरकारने दबाव आणला तेव्हा कुठे १९६२ मध्ये त्यांच्या टीममध्ये काळे खेळाडू आले. सॅमीची अर्ध्याहून जास्त कारकीर्द अशा लीगमध्ये गेली आणि सगळी कारकीर्द अशा मालकाच्या टीममध्ये, त्याच्या विक्रमांकडे बघताना हे डोळ्याआड करता येत नाही.

१९४४ ला टीमने टी-फॉर्मेशन नावाची नवी रचना आणली, त्यात क्वार्टरबॅक अगदी पुढे उभा राहून बॉल घेतो, आणि तिशीतल्या माणसाला आपला खेळ नव्याने शिकावा लागला. क्वार्टरबॅक या शब्दाचा आजचा अर्थ त्याला तेव्हा लागू झाला म्हणा, त्याआधी तो टेलबॅक, म्हणजे मागे उभा राहून बॉल घेणारा. पहिलं वर्ष जड गेलं. दुसऱ्याच वर्षी, १९४५ ला, त्याचे ७०.३ टक्के पास पूर्ण झाले आणि हा आकडा मागे पडायला १९८२ उजाडलं. १९४७ मध्ये स्टेडियमवर खास ‘सॅमी बॉ डे’ साजरा केला, त्याला गाडी भेट दिली, आणि त्याच दिवशी त्याने शिकागो कार्डिनल्सविरुद्ध सहा टचडाऊन पास फेकले. कार्डिनल्स म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत, त्या वर्षीचे चॅम्पियन तेच झाले.

१६ सीझन खेळून १९५२ ला तो थांबला. नंतर थोडं कोचिंग केलं, न्यूयॉर्क टायटन्सचा पहिला कोच तोच, याच टीमला आता जेट्स म्हणतात. पण मन रमलं ते रोटनजवळच्या त्या रँचवर. १९६३ ला फुटबॉलमधल्या दिग्गजांचा सन्मान करणारं हॉल ऑफ फेम उघडलं तेव्हा पहिल्या १७ नावांत त्याचं नाव होतं, आणि त्या १७ पैकी शेवटपर्यंत जिवंत राहिलेलाही तोच. १७ डिसेंबर २००८ ला, ९४ व्या वर्षी, रोटनलाच गेला.

तो गेला तेव्हा पंटचा एका सीझनचा विक्रम अजून त्याच्याच नावावर होता, १९४० चा, सरासरी ५१.४ यार्ड. तो मोडला २०२२ मध्ये, तब्बल ८२ वर्षांनी, टेनेसीच्या रायन स्टोनहाऊसने ५३.१ ची सरासरी काढून. स्टोनहाऊस गुणी खेळाडू आहे, आणि त्याचं काम फक्त पंट मारायचं. १९४० च्या त्या सीझनला पासिंगमध्ये लीगमध्ये पहिला कोण होता माहितीये? सॅमी बॉच.