बांधावरची वाट

(पहाट. उसाचा फड. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया बांधावरून एकामागे एक येतात.)

या मोळीचं वजन किती, असं विचारलं तर उचलणारी नुसती हसते आणि पुढं चालायला लागते. फडापासून ट्रॉलीपर्यंत चारशेच्या वर पावलं आहेत. आम्ही एकदा मोजली, रिकाम्या हातानं. ट्रॉली फडाच्या तोंडाशी लागली असती तर हे चालणं वाचलं असतं. पण मधे दुसऱ्याचं रान आहे आणि त्या रानातून जाणारी गाडीवाट गेल्या आषाढात नांगरून टाकली.

गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण दोघांनाही याच गावात राहायचंय. दोघं चुलतभाऊ आहेत. ऊस एकाचा, मधलं रान दुसऱ्याचं.

(वरून दिसणारं शिवार. लांबट पट्ट्या, मधे बांधांच्या रेघा.)

वरून पाहिलं की भांडण कुठून आलं ते दिसतं. पणजोबांचं एक सलग रान होतं. मग मुलांत वाटण्या झाल्या, मग नातवांत. डांबरी रस्त्यालगतची पट्टी एकाकडं गेली, ओढ्याकडची दुसऱ्याकडं. यांचं वाटणीपत्र आम्ही पाहिलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वारांसकट लिहिल्यात. बांधावरच्या आंब्याचा हिस्साही लिहिलाय. रस्त्याबद्दल एक ओळ नाही. भाऊच आहे, जाऊ देईल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार. भाऊ जाऊ देतो. भावाचा मुलगा देईलच असं नाही.

वाट बंद झाल्यावर आधी घरात बोलणं झालं, मग पारावर, मग तंटामुक्ती समितीपुढं दोन बैठका. चहा झाला, दिवाळीनंतर बघू असं ठरलं. यात पाच महिने गेले. आणि कायद्याचं घड्याळ या पाच महिन्यांत थांबलेलं नव्हतं.

(तहसील कचेरी. फरशीवर उलगडलेला जुना नकाशा, चार कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या.)

हा गाव नकाशा. घड्यांवर फाटलाय, चिकटपट्टीनं जोडलाय. तरी याच्यासारखा साक्षीदार नाही. नीट बघा. दोन तुटक रेघा शेजारी शेजारी चालल्या असतील तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेघ असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. आपल्या शेतापर्यंत अशी रेघ येते का, हे भांडण व्हायच्या आधीच बघून ठेवावं. प्रमाणित नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळते.

पण वाटणीतून पडलेल्या वाटा या नकाशावर नसतात. या भावांची वाटही नाही. मग कायदा काय म्हणतो?

खिडकी एकच, तहसीलदारांची. कलमं मात्र दोन आहेत, आणि अर्ज चुकतात ते इथंच.

पहिला कायदा १९०६ चा. मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५. मामलेदार आता मिसळीच्या पाटीवर उरलेत, पण कायद्यानं नाव सोडलेलं नाही. त्यांचं काम आज तहसीलदार करतात. आधीपासून वहिवाटीत असलेली वाट कुणी अडवली, नांगरली, चर खोदला, बाभळीच्या फांद्या टाकल्या, तर तो अडथळा काढण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. पुन्हा अडवू नये म्हणून मनाईचा हुकूमही देऊ शकतात. अट एकच, पण कडक. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. सहा महिने उलटले की हे कलम हातातून गेलं.

दुसरा कायदा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. कलम १४३. शेताला जायला वाटच नसेल, तर शेजारच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मिळावी म्हणून तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. इथं सहा महिन्यांचं बंधन नाही. पण वाट बांधावरूनच मिळते. मधून चिरत जाणारी, आपल्याला सोयीची वाट या कलमात मागू नये. बांधाच्या दोन्ही अंगांनी सारखी जागा घेण्याची रीत आहे, म्हणजे एकाच्याच रानाची झीज होत नाही.

थोडक्यात, वाट होती आणि बंद केली, तर पाच. वाट नव्हतीच, तर एकशे त्रेचाळीस. होती म्हणणाऱ्यानं नवीन मागायची नाही आणि नसलेल्यानं अडवली म्हणायचं नाही. कचेरीबाहेर टाईप करून मिळणाऱ्या छापील अर्जात कधी कधी दोन्ही कलमं एकदमच घातलेली असतात. तो कागद सहीआधी दोनदा वाचा.

आमच्या शेतकऱ्यानं कलम ५ चा दावा लावला तेव्हा सहा महिन्यांतले बारा दिवस उरले होते.

(टेबलावर कागद एकेक ठेवले जातात.)

कागद फार नाहीत. कोर्ट फी स्टॅम्प लावलेला दावा. आपला सातबारा. ज्यांच्या रानातून वाट जाते त्यांची नावं, पत्ते आणि त्यांचे सातबारे. जागेचा हातानं काढलेला कच्चा नकाशा. दिवाणी कोर्टात काही चालू असेल तर त्याची माहिती. आणि अडवल्याची तारीख. ही तारीख ठरवायला यांना उपयोगी पडला मोबाईलमधला एक फोटो. नांगर चालला त्याच दिवशी मुलानं काढलेला.

मग नोटिसा निघतात, समोरच्याचं म्हणणं घेतलं जातं. इथं त्यांचं म्हणणं असं, की बैलगाडी जात होती ते ठीक, पण ट्रॉली वळली की माझं पीक तुडवलं जातं. कॅमेऱ्यासमोर ते बोलले नाहीत.

(स्थळपाहणी. मंडळ अधिकारी, तलाठी, पंच. काळ्या मातीवर पसरलेली फीत.)

तलाठ्यांचं पद आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी झालंय; गावात अजून तलाठी अप्पाच. पंचनामा ते मांडीवर पॅड ठेवून लिहितात.

आता हे बघा. सगळं रान सारखंच नांगरलंय. पण या दोन पट्ट्यांत ढेकळं मोठी आहेत, डोक्याएवढी. बाकी माती भुसभुशीत. एक म्हातारे पंच पायानं ढेकूळ उलटं करतात आणि म्हणतात, "चाकोरी हाय ही. गाडीचं चाक पिढ्यान्पिढ्या जिथनं गेलं, तिथली भुई दबलेली. नांगर फिरला तरी ती लपत नाय." मंडळ अधिकारी दोन चाकोऱ्यांमधलं अंतर मोजायला सांगतात. ते पंचनाम्यात येतं.

आधीचे मालक कुठून जायचे, जवळची दुसरी वाट आहे का, किती जणांना ही वाट लागते, पिकाचं नुकसान किती, अशी चौकशी होते. शेवटी सह्या. चुलतभाऊ सही करत नाहीत. पंचनाम्यात तलाठी एवढंच लिहितात: हजर, सही करण्यास नकार. सही नाही म्हणून पंचनामा अडत नाही.

(कचेरीच्या फलकावर लागलेली तारखांची यादी.)

मधल्या तारखा आम्ही चित्रित केल्या नाहीत. त्या काळात ऊस उशिरा तुटला, वजनात मार बसला आणि दोन्ही घरांतलं जाणं-येणं थांबलं.

हुकूम वैशाखात झाला. अडथळा काढावा, वाट पूर्वीसारखी खुली करावी. त्यावर प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, फेरतपासणी मागता येते, आणि हुकूम निघाला की ती मागितली जाणार, हे धरूनच चालावं. कलम १४३ चा निकाल न पटणाऱ्याला प्रांतांकडं अपील करता येतं किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. दावा लावला की मग अपील नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही वकील सुचवेल तेव्हा सुचवेल, तुम्ही आधी करा. वाट मिटवून झाली, हुकुमानं किंवा आपसात, की तिची नोंद सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात घ्यायला लावा. मे २०२५ च्या शासन निर्णयानं तसं करायला सांगितलंय, आणि शेतरस्ता तीन ते चार मीटरचा असावा असंही म्हटलंय. आजचे हार्वेस्टर सव्वाआठ फुटांत मावत नाहीत, हे सरकारला कळायला वेळ लागला. आणि ज्यांच्या घरी आत्ता वाटण्या चालल्यात त्यांनी पाण्याच्या पाळीखाली एक ओळ वाढवावी: रस्ता कुठून, किती फूट. शाई महाग नाही.

(जेसीबी. दोन पोलीस. बाभळीच्या फांद्या बाजूला सरकतात.)

हे काम चाळीस मिनिटांत झालं.

(पाऊस. त्याच वाटेवर खताच्या गोण्या भरलेली ट्रॉली. मागचं चाक जागच्या जागी फिरतं.)

हा मृगाचा पहिला पाऊस. हुकुमात वाट मिळाली, मुरूम मिळाला नाही. त्यासाठी पाणंद, म्हणजे शेतात जाणाऱ्या, रस्त्याच्या योजनेत ग्रामपंचायतीकडं वेगळा अर्ज करावा लागतो. तो कालच दिलाय. ट्रॉली ढकलायला चौघं लागलेत. त्यातला निळ्या सदऱ्यातला पोरगा चुलतभावाचा आहे.