माटुंग्याला या, भूक घेऊन

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत सुट्टीची मजा म्हटली की मॉल नाहीतर चौपाटी, याच्या पुढे आपली गाडी सहसा जात नाही. आज मी तुम्हाला माटुंग्याला चला म्हणणार आहे. तिकीट काढून बघावं असं तिथे फारसं काही नाही. तमिळ, मल्याळी, कन्नड, कोकणी, कच्छी, पारशी आणि अर्थात मराठी, अशी सगळी माणसं तिथे शेजारशेजारी राहतात. त्यांचे रोजचे व्यवहार हीच तिथली करमणूक. म्हणून माझं ऐका, रविवारी जाऊ नका. रविवारी कॅफे मद्रासच्या दारात नाव लिहून लोक ताटकळत उभे असतात, आणि ताटकळलेल्या माणसाला डोशाखेरीज काही दिसत नाही. मंगळवारी एक रजा टाका की!

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनवर उतरा. २०१७ पासून या स्टेशनाचा कारभार पूर्णपणे स्त्रियांच्या हातात आहे. पूर्वेला बाहेर पडलात की बाजार सुरू होतो. इथे घाई करू नका. केळीची पानं, केळफूल, छोटे सांबार कांदे, ताजा कढीपत्ता, सुरणाचे गड्डे. भाजीवाला मराठी असला तरी गिऱ्हाईक मामी तमिळ बोलते, तो तिला मोडक्या तमिळमध्ये भाव सांगतो, आणि शेवटची घासाघीस मात्र दोघांच्या हिंदीत होते. हे फुकट ऐकायला मिळतं. पुढे गजऱ्यांची दुकानं लागतात. जवळच आस्तिक समाजाचं मंदिर आहे, केरळातल्या गुरुवायूरच्या कृष्णमंदिरावरून मल्याळी मंडळींचं धाकटं गुरुवायूर. कॉफी दळून देणाऱ्या दुकानात शिरलात तर "चिकोरी किती घालू?" असा प्रश्न येईल. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळायची एका मुळाची भाजलेली पूड. उत्तर तयार ठेवा, नाहीतर मागच्या रांगेतले आजोबा तुमच्या वतीने देतील!

नाश्त्याला राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा घ्या, पण पोट भरू नका. कारण दुपारी रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवायचं आहे. १९४२ सालचं हे ठिकाण. आधी कुपन घ्यायचं, मग पानावर बसायचं. रसम, सांबार, भाज्या, ताक. वाढपी थांबत नाही, थांबवायचं आपण. चमचा मागायची गरज भासू नये, अशी माझी इच्छा.

जेवल्यावर चालणं आलंच. किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. पुलाखाली एरवी काय असतं ते मुंबईकरांना सांगायला नको. रहिवाशांनी नेट लावला म्हणून तिथे बाग झाली, आणि तिच्यातली पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली आहे. मला हे उद्यान शहरातल्या कितीतरी मोठ्या बागांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

चारच्या सुमाराला 'कूलर अँड कंपनी' या इराणी हॉटेलात चहा आणि ब्रून-मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, तिथून फाइव्ह गार्डन्स. आजूबाजूला दादर पारशी कॉलनी आहे. बाकीच्या पारशी वसाहतींना भिंती आणि फाटकं असतात, हिला नाहीत. झाडांच्या सावलीतून बिनदिक्कत फिरा. फक्त लोकांच्या व्हरांड्यात कॅमेरे रोखू नका. तिथे माणसं राहतात, देखावा मांडून बसलेली नाहीत.

गणपतीत आलात तर किंग्ज सर्कलच्या जीएसबी, म्हणजे गौड सारस्वत ब्राह्मण, सेवा मंडळाचा गणपती बघाच. १९५५ पासून बसतो, आणि पाचच दिवस असतो, तेव्हा दहाव्या दिवशी येऊन हळहळू नका. सोन्याच्या दागिन्यांची चर्चा सगळीकडे होते. मला तिथली पंगत जास्त भावते.

आता संध्याकाळ. इथे दोन वाटा फुटतात. कर्नाटक संगीताचा कान असेल तर १९६३ सालच्या षण्मुखानंद सभागृहात त्या दिवशी काय आहे ते बघा. अडीच हजारांहून जास्त खुर्च्या आहेत, मागे का होईना, एखादी मिळून जाते. आणि नाटकवेडे असाल तर झेड ब्रिजने रूळ ओलांडून पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर गाठा. मध्यंतरातला बटाटावडा तिथेही आहे. रामा नायकांकडे किती जेवलात त्यावर तो खायचा की नाही ते ठरवा.

नमस्कार.