चटणीतला ट

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात आपल्या सोलापुरातल्याच एका दुकानदारांचं भावपत्रक मी टाइप करून दिलं. शेंगदाणा चटणी, जवस चटणी, कारळ्याची चटणी. कागद हातात घेऊन ते म्हणाले, "सर, आमच्या चटणीतला ट कुणी खाल्ला?" बघतो तर वरच्या ओळीत 'शेंगदाणा च' आणि खालच्या ओळीत नुसतं 'णी'.

ट खाल्ला होता माझ्या दहा इंची लॅपटॉपनं. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या कीबोर्ड-मांडणीत, ट बसतो एंटरला अगदी खेटून. करंगळी जरा घसरली की ओळच तुटते.

घरी पट्टी असेल तर एक मोजून बघा. मोठ्या कीबोर्डवर क्यूपासून पीपर्यंतच्या दहा बटणांची लांबी साधारण 19 सेंटीमीटर भरते. लहान लॅपटॉपवर ती 17च्या आसपास येते. बटणामागे दोन मिलिमीटर गेले, एवढंच. मधल्या बोटांना हे दोन दिवसांत सवयीचं होतं. खरी गोची उजव्या कडेला आहे. जागा वाचवायची म्हणून कंपन्या तिथली बटणं आणखी बारीक करतात. इंग्रजीत तिथं अर्धविराम, कंस, तिरकी रेघ असली किरकोळ मंडळी असतात, त्यामुळे कुणाचं फारसं बिघडत नाही. मराठीत मात्र तिथं च, ट, ड आणि य राहतात! आणि 'च्या'शिवाय आपलं एक वाक्य तरी पुरं होतं का? सोलापूरच्या, सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या. दर वेळी च आणि य, दोन्ही एकाच उजव्या करंगळीवर.

'चटणी' तर त्याहून वाईट. ण काढायला शिफ्ट लागतो, आणि टायपिंग क्लासच्या नियमानं तो उजवा. तोही करंगळीचाच. लहान लॅपटॉपवर हा शिफ्ट नखाएवढा, शेजारी वरचा बाण. बाण दाबला गेला की कर्सर भलत्याच ओळीत.

इतकी वर्षं क्लासमध्ये मुलांना दटावत आलो, की मनगट हलवायचं नाही, फक्त बोट न्यायचं. लहान कीबोर्डवर मीच तो नियम मोडतो. ट किंवा ड आला की करंगळी ताणत नाही, अख्खा हात उचलून उजवीकडे नेतो. मग तर्जनी परत इंग्रजी J च्या बटणावरच्या उंचवट्यावर, म्हणजे आपल्या र वर. ण साठी सरळ डावा शिफ्ट वापरतो. परीक्षेला बसणाऱ्यांनी हे ऐकलं नाही असं समजा.

बोटं जरा वाकवलेली ठेवा. टचपॅड बंद करता येत असेल तर करा, तळव्याच्या नुसत्या स्पर्शानं कर्सर उडी मारतो. आणि मांडीवर चादरीची घडी घालून त्यावर लॅपटॉप ठेवू नका. सोलापुरी चादर कितीही प्रेमाची असली तरी खालच्या फटी बुजतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात यंत्राचा जीव जातो. मी लाकडी पाट घेतो. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये पाट नेता येत नाही, तिथं जाड पुठ्ठा. घरी मात्र लांबलचक मजकूर असेल तर साधा मोठा कीबोर्ड जोडा. त्यात कमीपणा नाही.

आज रात्री 'सोलापूरच्या चटणीच्या' हे दोन शब्द दहा वेळा टाइप करा, आणि चुकून एंटर किती वेळा लागला ते मोजा. माझा कालचा आकडा दोन.

नमस्कार.