फायनाईट एलिमेंट विश्लेषणात चूक कुठे लपते

उपस्थित अभियंते, प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

बांधकामांच्या फायनाईट एलिमेंट विश्लेषणातील, म्हणजे रचनेचे संगणकात लहान लहान तुकडे (एलिमेंट) करून ताण काढण्याच्या पद्धतीतील, अडचणींविषयी बोलताना प्रथम एक फरक स्पष्ट केला पाहिजे. आधार द्यायचा राहून गेला किंवा एखादा बीम कुठेच जोडला गेला नाही, तर सॉफ्टवेअर बहुधा स्वतःच अडते आणि रचना अस्थिर असल्याचे सांगते. त्यात वेळ जातो, पण धोका नसतो, कारण चूक आपण होऊन समोर येते. धोका असतो तो गणित विनातक्रार पूर्ण होते, रंगीत आकृत्या उमटतात आणि तरीही आपण संगणकात मांडलेली रचना प्रत्यक्ष साइटवर उभी राहणारी रचना नसते, तेव्हा. आज मला याच दुसऱ्या प्रकाराविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडे साताऱ्यात, कराडला रोज डिझाइन होतो तसा एक स्लॅब घेऊ. सहा मीटर बाय सहा मीटरचा, चारही बाजूंना बीम, चार कोपऱ्यांत कॉलम आणि चौरस मीटरला एकूण 8 किलोन्यूटन भार. बीमचे स्वतःचे वजन तूर्त बाजूला ठेवू. एकूण भार 288 किलोन्यूटन होतो आणि चार कॉलमखालच्या रिअॅक्शनची, म्हणजे आधारांनी दिलेल्या उलट बलांची, बेरीजही तेवढीच येते. बेरीज जुळली की आपण निर्धास्त होतो. परंतु समजा, स्लॅबचे अर्ध्या मीटरचे तुकडे केले आणि बीम मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ठेवला. आता स्लॅबच्या कडेवरचे मधले नोड, म्हणजे तुकडे एकमेकांना जोडणारे बिंदू, बीमला जोडलेलेच नाहीत. काही सॉफ्टवेअर ही जोडणी स्वतः करतात, काही करत नाहीत. जिथे ती होत नाही, तिथे स्लॅब फक्त चार कोपऱ्यांवर टेकतो, भार बीमला वगळून थेट कॉलमकडे जातो आणि रिअॅक्शनची बेरीज तरीही बरोबरच राहते. म्हणजे ज्या तपासणीवर आपण सर्वाधिक विसंबतो, तिला ही चूक दिसत नाही. हाताने हिशोब केला तर ती लगेच दिसते: प्रत्येक बीमवर त्रिकोणी भार येतो, मध्यावर त्याचे मान मीटरला 24 किलोन्यूटन असते आणि टोके साधी टेकलेली मानल्यास बेंडिंग मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, 72 किलोन्यूटन-मीटर निघतो. टोके जखडलेली असतील तर आकडा बदलेल, पण तो कुठल्या पट्ट्यात असावा हे कळते. त्याबरोबर वाकलेल्या रचनेची आकृतीही मोठी करून पाहावी, कारण स्लॅबची कड बीम सोडून खाली गेलेली तिथे स्पष्ट दिसते.

एलिमेंटच्या निवडीबद्दल थोडक्यातच सांगतो. चार नोडांचा साधा चौकोनी एलिमेंट वाकण्याचे काम फार वाईट करतो, कारण त्याच्या कडा सरळच राहतात आणि वाकण्याऐवजी तो कातरला जातो. त्याची लांबी उंचीच्या आठपट असेल, तर शुद्ध वाकण्यात तो खऱ्या बीमच्या वीस पटींहून अधिक ताठर वागतो. डिफ्लेक्शन, म्हणजे वाक, फार कमी आले म्हणून आनंद मानण्याआधी उंचीच्या दिशेने किती एलिमेंट आहेत ते मोजावे, किंवा मधल्या बिंदूंवरही नोड असलेला एलिमेंट घ्यावा.

आता मेशचा, म्हणजे एलिमेंटच्या जाळीचा, प्रश्न. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातील कोयना धरणाइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. 103 मीटर उंचीच्या या धरणाच्या डिझाइनमध्ये भूकंपाचे आडवे बल वजनाच्या 5 टक्के धरले होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपात धरणातील उपकरणाने धरणाच्या लांबीला आडव्या दिशेत गुरुत्व त्वरणाच्या सुमारे निम्मे, म्हणजे 0.49 एवढे त्वरण नोंदवले. धरण टिकले, पण ज्यांवरून पाणी सांडत नाही अशा उंच खंडांना तडे गेले. हे तडे प्रामुख्याने जलाशयाच्या विरुद्ध बाजूच्या पृष्ठभागाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास होते. ती पातळी पायापासून साधारण 66 मीटरवर आहे. अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या फायनाईट एलिमेंट विश्लेषणात याच भागात काँक्रीटच्या ताकदीपेक्षा अधिक खेचणारा ताण दिसला. पुढे त्या खंडांना मागून आधारभिंती देऊन मजबुती देण्यात आली.

विद्यार्थ्यांनी हे धरण स्वतः संगणकात मांडून पाहावे. उताराच्या बदलाचा तो बिंदू आत वळलेला कोपरा आहे. तिथे काँक्रीटचा कोन 180 अंशांहून अधिक, सुमारे 210 अंश भरतो. लवचीकतेच्या सिद्धांतानुसार अशा तीक्ष्ण कोपऱ्यावर ताण अमर्याद असतो. त्यामुळे मेश जितका बारीक कराल तितका तिथला आकडा वाढत जातो, आणि तो कधीच स्थिरावत नाही. मेश बारीक केला की उत्तर सुधारते, हा आपला नेहमीचा विश्वास या एका बिंदूपुरता खोटा ठरतो. तिथला सर्वोच्च आकडा काँक्रीटच्या ताकदीशी ताडून पाहणे निरर्थक आहे, कारण तो आकडा धरणाइतकाच आपण निवडलेल्या मेशचाही असतो. अशा वेळी त्या पातळीच्या संपूर्ण छेदावरील ताणांची बेरीज करून बल आणि मोमेंट काढावेत. ते मेशबरोबर फारसे बदलत नाहीत. तडा कसा पुढे सरकेल हेच शोधायचे असेल, तर तडा उघडायला लागणारी ऊर्जा हिशोबात घ्यावी लागते.

उलट बाजूचे उदाहरण नॉर्वेचे आहे. स्लीपनर ए या समुद्रातील तेलमंचाचा काँक्रीटचा पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात असताना फुटून बुडाला. तीन कोठ्यांमधल्या भिंतींवरचे कातरबल, म्हणजे भिंत कातरू पाहणारे बल, भरड मेशमुळे 47 टक्क्यांनी कमी धरले गेले होते, आणि तिथले पोलादही अपुरे पडले. नंतरच्या बारकाईच्या हिशोबात भिंत 62 मीटर खोलीवर फुटेल असे आले. प्रत्यक्षात ती 65 मीटरवर फुटली. पद्धत बरोबर होती. जिथे ताण झपाट्याने बदलतो, तिथेच एलिमेंट मोठे होते.

शेवटी आधारांविषयी, कारण आपल्या भागातील कामांत माझ्या मते सर्वाधिक निष्काळजीपणा इथे होतो. कॉलमचा पाया जखडलेला, असा पर्याय एका क्लिकवर मिळतो म्हणून तो दिला जातो. मग खाली सह्याद्रीचा काळा पाषाण असो वा कृष्णाकाठची काळी माती. ओलीने फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या त्या मातीत पाया थोडाफार फिरणारच. म्हणून किमान दोन वेळा विश्लेषण करावे, एकदा पाया पूर्ण जखडून आणि एकदा माती परीक्षणातून आलेल्या मानांच्या स्प्रिंगांवर, आणि प्रत्येक कॉलम-बीमसाठी दोन्हींतील प्रतिकूल मोमेंट घ्यावा. अहवालात कोणता मेश घेतला, तो निम्मा केल्यावर उत्तर किती बदलले आणि आधार कोणते धरले, हे तपासणाऱ्याला वाचता येईल असे लिहावे.